श्यामची आई, फ्रॉइड आणि १९१७

आमच्या नामपूरच्या शाळेत ‘श्यामची आई’ वाचताना अर्धा वर्ग रडायचा. मला त्याचा अर्थ आजी गेल्यावर कळला. ती गेली तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. ‘सुट्टी का नाही टाकली?’ हे अजून डोक्यात फिरतं.

आता एक वर्ष लक्षात ठेवा, १९१७. व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडचा शोकावरचा निबंध तेव्हा छापून आला. त्याचं म्हणणं साधं आहे. जिवलग माणूस गेलं की दुःख सहसा हळूहळू निवळतं. पण कधीकधी त्या माणसावरचा राग मनातच उलटा फिरतो आणि आपण स्वतःलाच दोष देत बसतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरात साने गुरुजींची आई वारली. शेवटच्या क्षणी ते जवळ नव्हते. पुढे फेब्रुवारी १९३३मध्ये, आपल्या नाशिकच्या तुरुंगात, त्यांनी हे पुस्तक पाच दिवसांत लिहिलं. त्यात पोहायला न जाणाऱ्या श्यामला आई चोप देते, तरी मोठा श्याम चूक स्वतःचीच मानतो.

११ जून १९५०ला गुरुजींनी आयुष्य संपवलं. त्याचं कारण पुस्तकात शोधणं चूकच, एवढ्यावरून कुणाचं मन कळत नाही. मला भावतं ते वेगळंच: श्याम हे सगळं रोज रात्री मित्रांना सांगतो. फ्रॉइडचा उपचारही बोलण्यावरच उभा होता.

आजीबद्दल मी आज पहिल्यांदाच बोललो. ऐकलंत, बरं वाटलं.