उज्जयिनी आणि मत्स्यवधाचे नियम

क्षिप्रातीरीच्या उज्जयिनीत राज्यपाल राहिलेल्या अशोकाने पुढे, राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी, पाचव्या स्तंभलेखात तीन चातुर्मासी पौर्णिमा, तिष्यपौर्णिमा व उपोसथाचे दिवस यांस मासे मारणे व विकणे वर्ज्य केले. त्याने दिवस बांधले. १८९७ च्या इंग्रजी कायद्याने साधने बांधली: सुरुंगाची दारू व विष यांस बंदी, २०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन महिन्यांपर्यंत कैद, जाळ्यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस. ग्वाल्हेर संस्थानातील उज्जयिनी त्या कायद्याबाहेर होती. भाला मारणारा एकच मासा हेरतो; विष अवघा डोह निर्वंश करते, अंडीपिल्लीही वाचत नाहीत. म्हणून हत्यार किती तीक्ष्ण, यापेक्षा ते किती अंध, हाच नियमाचा खरा निकष आम्ही मानतो. तिथी आणि साधन, दोन्ही पाळल्यासच नदी नांदती राहील.