पिसवा आणि पडलेला उंदीर



घरात पिसवा झाल्या की आपण अंथरुणं झटकतो, जमीन सारवतो आणि विसरून जातो. एके काळी याच बिनपंखी, चपट्या किड्यापायी कोल्हापूरची माणसं घरं सोडून बाहेर पडली होती.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढे तो शाहू महाराजांच्या करवीर संस्थानातही पोचला. उंदीर पडू लागले की लोक घराला कुलूप घालायचे आणि रानात, माळावर झोपड्या करून राहायचे. पिसवेचं नाव तेव्हा कुणी घेत नव्हतं, पण उपाय मात्र बरोबर होता! १८९८ मध्ये कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं प्रयोग करून दाखवलं, की रोग नेते ती उंदरावरची पिसू. उंदीर मेला, अंग थंड पडलं, की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं रक्त शोधतात. मग जवळ माणूस असतोच.

ही फार जुनी गोष्ट नव्हे. १९९४ च्या ऑगस्टात बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आधी उंदीर पडले, मग पिसवांचा उपद्रव सुरू झाला, आणि पाठोपाठ प्लेगचे संशयित रोगी निघाले.

तेव्हा गावात एकाएकी उंदीर पडू लागले, तर उंदरांना विष घालायची घाई करू नका. उंदीर मेले की पिसवा मोकळ्या सुटतात. आधी पिसवा माराव्या लागतात. पडलेल्या उंदराला हात लावू नका, पोरांना लावू देऊ नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. फवारणी त्यांच्याच सल्ल्यानं करा.