तुकडी कुणाची बदलायची? शाळेतला छळ आणि शाळाचालकांची जबाबदारी

आजचा विषय तसा रोजचाच आहे. शाळेत एखाद्या मुलाला बाकीची मुलं त्रास देतात. चिडवतात, नाव पाडतात, डबा काढून घेतात, येता-जाता मारतात. घरचे शाळेत जातात आणि तिथं त्यांना ठरलेली उत्तरं मिळतात. "अहो, मुलांची मस्ती आहे." "तुमचा मुलगा जरा हळवा आहे." "असं करू, आपण त्याची तुकडी बदलू." यातलं तिसरं उत्तर सगळ्यांत समंजस वाटतं, आणि आज आपण मुख्यतः त्याच्याबद्दलच बोलणार आहोत. त्रास देणारे चार, त्रास सोसणारा एक. मग तुकडी त्या एकाची का बदलते? ही सवय आपल्या शाळांच्या कारभारात किती जुनी आहे, आणि ती मोडायचा प्रयत्न आपल्याकडे कुणी केला, ते बघू.

सुरुवात कल्याणपासून करू. आनंदीबाई जोशी आपल्या गावच्या. ३१ मार्च १८६५ चा त्यांचा जन्म, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोश्यांशी लग्न झालं, आणि त्यांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाईंचं शिक्षण गावोगावी फिरलं. त्या डॉक्टर झाल्या ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. पण २४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमध्ये श्रीरामपूरला त्यांनी जे भाषण केलं, त्यातला एक भाग आपण सहसा सांगत नाही. अमेरिकेलाच का जाता, इथं का शिकत नाही, या प्रश्नाला त्यांनी जी उत्तरं दिली, त्यात एक उत्तर छळाचं होतं. मुंबईत पुस्तकं घेऊन पायी शाळेत जाताना लोक खिडक्यांतून बघायचे, रस्त्यात थांबून हसायचे, पायातल्या बुटांवरून शेरे मारायचे. खडे मारणारेही होते.

आता विचार करा. एक विद्यार्थिनी रोज शाळेत जाताना छळली जाते. शाळा म्हणणार, रस्ता आमच्या हद्दीत नाही. पोलीस म्हणणार, यात गुन्हा काय? शेवटी ज्यांनी खडे मारले ते तिथंच राहिले आणि जिला लागले ती समुद्र ओलांडून गेली. आनंदीबाईंच्या धैर्याला आपण नमस्कार करतोच. पण एवढ्या धैर्याची गरज पडावी हा कारभाराचा दोष होता, हेही म्हणायला हवं.

हा झाला रस्ता. आता शाळेच्या दारात येऊ.

१८५६ सालची गोष्ट आहे. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. त्यानं थेट सरकारकडे लेखी अर्ज केला. मुंबई सरकारनं जुलै महिन्यात त्यावर ठराव केला. या ठरावाचा आशय नीट ऐका, कारण आजही मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये तोच वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. सरकार म्हणालं, अर्जदाराच्या बाजूनं न्याय आहे यात शंका नाही. पण एकदोघांसाठी लोकांच्या जुन्या समजुतींत एकाएकी हात घातला तर शिक्षणाच्या कामाचंच नुकसान होईल. आणि अर्जदाराची अडचण काही या सरकारनं निर्माण केलेली नाही.

म्हणजे तीन वाक्यं झाली. तुझं बरोबर आहे. पण बाकीची मुलं सोडून जातील. आणि हे आमच्यामुळे झालेलं नाही. पहिल्या वाक्यानं न्याय मान्य केला आणि पुढच्या दोन वाक्यांनी जबाबदारी झटकली. त्यात हिशेब डोक्यांचा होता. एका बाजूला एक मुलगा, दुसऱ्या बाजूला भरलेला वर्ग.

इथं एक खुलासा करायला हवा. अस्पृश्यता आणि मुलांमधली दादागिरी या एकच गोष्टी आहेत असं आम्ही म्हणत नाही. अस्पृश्यता ही साऱ्या समाजाची रचना होती, तिचं ओझं कितीतरी मोठं. पण शाळा चालवणाऱ्यासमोरचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच येतो. एका मुलाला अनेक जण नको म्हणतात, तेव्हा त्यानं कुणाच्या बाजूनं उभं राहायचं? आपल्या इतिहासात या प्रश्नाची लेखी उत्तरं सर्वांत आधी जातीच्या संदर्भात दिली गेली, म्हणून आपण तिकडे जातोय.

मुंबई सरकारचं हे उत्तर वरच्यांना पटलं नाही. १८५७ च्या जानेवारीत हिंदुस्थान सरकारनं नापसंती कळवली. १८५८ मध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांनी तत्त्व स्पष्ट केलं, की सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या आहेत. पुढे १८८२ च्या हंटर आयोगानं तेच तत्त्व मान्य केलं, पण ते जपून वापरा असं सुचवून वेगळ्या शाळांचा सोपा रस्ताही दाखवला.

नियम झाला. मग घडलं काय? व्हरांडा घडला. १८९० च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीत लष्करातून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावं म्हणून अर्ज केले. पुष्कळ खटपटीनंतर मुलांना जागा मिळाली ती व्हरांड्यात. हजेरीपटावर नाव आहे, म्हणजे नियम पाळला. मुलगा वर्गाबाहेर आहे, म्हणजे कुणी नाराज नाही. सरकारी डोकं कसं चालतं त्याचा हा नमुना आहे. आजची "तुकडी बदलू" ही त्याच व्हरांड्याची नात समजा.

७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. बाबासाहेबांनी त्या शाळेतल्या आठवणी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. वर्गात वेगळं बसायचं, बसायचं गोणपाट घरून आणायचं आणि घरी न्यायचं, कारण शाळेचा गडी त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर शिक्षकांची परवानगी पुरेशी नाही, नळ सोडायला शिपाई हवा. शिपाई नसला तर पाणी नाही.

या आठवणीत आम्हाला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शिक्षक तिथं आहेत. ते कदाचित वाईटही नाहीत. त्यांनी हुकूम केला असता तर नळ सुटला असता. पण तसा हुकूम करणं हे आपलं काम आहे असं कुणीच मानत नव्हतं, आणि न केल्याबद्दल त्यांना कुणी विचारणारही नव्हतं. नियम वर, मुलगा खाली, आणि मधली सगळी माणसं बिनजबाबदार.

ही मधली साखळी पहिल्यांदा कुणी पकडली? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. १९१९ च्या जानेवारीतला त्यांचा हुकूम आहे. अस्पृश्य मुलांना समानतेनं वागवा, एवढं म्हणून ते थांबले नाहीत. त्यांना इतरांपेक्षा जास्त ममतेनं वागवा, कारण वरच्या वर्गातल्या मुलांना कुणी ना कुणी असतं, यांना कुणी नसतं, असा त्या हुकुमाचा आशय होता. आणि पुढचा भाग तर आजच्या कायद्यालाही धडा देईल असा आहे. हे पाळलं नाही तर मुख्याध्यापकापासून खालपर्यंत सगळ्या शिक्षकवर्गाला जाब द्यावा लागेल. खासगी संस्था असेल तर अनुदान जाईल. ज्याला हे मान्य नसेल त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला.

धारवाडचा ठराव आणि कोल्हापूरचा हुकूम शेजारी ठेवून वाचा. धारवाडला विचारलं गेलं, ही अडचण कुणी निर्माण केली? कोल्हापूरला विचारलं गेलं, शाळा कुणाच्या ताब्यात आहे? ज्याच्या ताब्यात शाळा, त्याच्यावर जबाबदारी. त्रास त्यानं सुरू केला नसला तरीही. आजच्या व्याख्यानातलं मुख्य सूत्र हेच आहे.

हुकुमात माणूस नेमलेला नसला की काय होतं, तेही लगेच दिसलं. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा प्रसिद्ध ठराव मंजूर झाला. पाणवठे, धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक शाळाही त्यात होत्या. ठराव चांगलाच होता. पण ती शिफारस होती, आणि न पाळणाऱ्याचं काय हे त्यात नव्हतं. म्हणूनच १९२७ ला महाडला लोकांना स्वतः तळ्यावर जावं लागलं.

आता थोडी लांब उडी मारू, कारण मुलांनी मुलांना केलेला छळ हा स्वतंत्र प्रश्न म्हणून जगातच उशिरा पुढे आला. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या, सोबत्यांच्या छळामुळे. पुढच्या वर्षी देशभर शाळांमधून मोहीम झाली आणि डॅन ओल्वेअस यांनी तिचा अभ्यास केला. शाळेतली मोठी माणसं एकत्र येऊन ठामपणे वागली तर त्रास कमी होतो, हे त्यातून दिसलं. म्हणजे "मुलं अशीच असतात" हे काही निसर्गाचं सत्य नव्हे.

१९९९ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं डेव्हिस विरुद्ध मनरो काउंटी या खटल्यात सांगितलं, की एका विद्यार्थ्यानं दुसऱ्याचा लैंगिक छळ केला आणि माहीत असूनही शाळेनं जाणूनबुजून काणाडोळा केला, तर शाळा मंडळाला जबाबदार धरता येतं. निकाल पाच विरुद्ध चार असा निसटता होता. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा आला.

हा कायदा फक्त कॉलेजचा, असा आपल्याकडे समज आहे. पण त्यातली शिक्षण संस्थेची व्याख्या रुंद आहे. शिक्षण देणारी कोणतीही संस्था, वसतिगृह, अगदी शिकवणी वर्गसुद्धा त्यात येतात. चिडवणं, शिवीगाळ, धमकावणं, लाज वाटेल असं काही करायला लावणं हे सगळं रॅगिंगमध्ये धरलं आहे. ते संस्थेच्या आवारात घडलं काय किंवा बाहेर घडलं काय, गुन्हा तोच. आनंदीबाईंचा रस्ता आठवला ना? तो इथं पहिल्यांदा कायद्याच्या हद्दीत आला. तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. आणि प्रमुखानं हे केलंच नाही, तर त्यानं गुन्ह्याला चिथावणी दिली असं धरलं जातं. शिक्षा रॅगिंग करणाऱ्याइतकीच, म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. शाहू महाराजांच्या हुकुमाला ऐंशी वर्षांनी मिळालेलं हे कायद्याचं रूप म्हणता येईल.

मग आज सगळं ठीक आहे का? कल्याणमध्ये बसून हो म्हणायची हिंमत होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या शेजारी बदलापूरला शाळेतल्या दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, लोकल तासन् तास बंद राहिल्या. तो मुलांमधला छळ नव्हता, फार गंभीर गुन्हा होता, आणि त्याला वेगळा कायदा आहे. पण आपल्या विषयाशी त्याचा धागा जुळतो. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि शाळेनं वेळेवर पोलिसांना का कळवलं नाही, हे विचारलं. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर माहिती न दिल्याबद्दल पॉक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. तक्रारपेटी, सखी सावित्री समिती हे सगळं कागदावर त्याआधीच होतं. १८५८ चं तत्त्वही कागदावरच होतं, व्हरांडा मात्र प्रत्यक्षात होता.

आम्हाला नेहमी एक प्रश्न विचारला जातो. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात शिक्षकानं कुठं कुठं बघायचं? प्रश्न खरा आहे. शिक्षकांवर निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामं लादली जातात, हेही खरं. पण कायदा शिक्षकाकडून सर्वज्ञ होण्याची अपेक्षा करत नाही. कळल्यावर काय केलंत, एवढंच तो विचारतो. आणि संस्थाप्रमुखाला ते विचारायलाच हवं, कारण वर्ग, वेळापत्रक, शिपाई, गेट, सगळं त्याच्या हातात असतं. मुलाच्या हातात काहीच नसतं.

शेवटी पालकांसाठी एक गोष्ट, इतिहासातूनच घेतलेली. धारवाडचा तो मुलगा हरला. पण त्यानं अर्ज लेखी केला होता, म्हणून सरकारला लेखी उत्तर द्यावं लागलं, म्हणून वरच्यांना ते वाचावं लागलं, आणि म्हणूनच पुढे बाबासाहेबांना तो ठराव जगापुढे ठेवता आला. ज्या मुलांनी तोंडी विचारलं आणि ज्यांना तोंडीच परत पाठवलं, त्यांच्याबद्दल आपल्याला काहीही सांगता येत नाही. तेव्हा शाळेत बोलायला जरूर जा, सरांशी, बाईंशी आदरानंच बोला. पण तक्रार लिहून द्या, तारीख घाला, पोच घ्या. सात दिवस मोजा. मूल फारच घाबरलेलं असेल तर १०९८ हा बालकांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक जवळ ठेवा. आणि कुणी म्हणालं, "आपण त्याची तुकडी बदलू," तर शांतपणे विचारा, नेमकी कुणाची?