दुर्मीळ की विरळ?

एप्रिल 2025 मध्ये चीनने सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याचा चाप लावला आणि त्याची झळ आकुर्डीपर्यंत पोचली. मोटारीतली चुंबके मिळेनात, म्हणून विजेवरच्या 'चेतक' स्कूटरचे उत्पादन त्या पावसाळ्यात घटवावे लागले. तेव्हापासून या धातूंसाठीचा 'दुर्मीळ मृदा' हा शब्द आमच्या कर्वेनगरातल्या कट्ट्यांवरही ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खताची पिशवी आठवावी, असाच तो आहे.

हे 'रेअर अर्थ'चे भाषांतर. त्यातली 'मृदा' आधी पाहू. अठराव्या शतकातले युरोपीय रसायनज्ञ 'अर्थ' म्हणत, ते शेतातल्या मातीला नव्हे. पाण्यात सहसा विरघळत नाही, भट्टीत वितळत नाही, अशी पूड हाती उरली की ती 'अर्थ'. लव्हाझिएने 1789 मध्ये मूलद्रव्यांची यादी केली, तीत अशा पाच 'अर्थ' आहेत आणि त्यांत चक्क चुना आहे. इटरबी या स्वीडिश गावाजवळच्या काळ्या दगडातून योहान गादोलिनने 1794 मध्ये आणखी एक अनोळखी 'अर्थ' काढली. दगडही नवलाचा, पूडही नवलाची. म्हणून ती 'रेअर'. पुढे 1808 मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या साह्याने चुन्यातून कॅल्शियम सोडवले आणि या पुडी म्हणजे धातूंची ऑक्साइडे आहेत हे उघड झाले. समजूत बदलली, नाव तसेच राहिले. मराठीत आणताना आपण त्या नावाची माती केली.

खरे तर शब्द घरात होता. धातू जाळून, पुटे देऊन केलेल्या पुडीला वैद्य 'भस्म' म्हणतात. लोहभस्म, यशदभस्म ही मुख्यतः ऑक्साइडेच. भाषांतरकाराने कोशाऐवजी वैद्याच्या खलात डोकावले असते, तर 'विरल भस्मे' असा नेटका शब्द मिळाला असता.

'विरल' हा शब्द मात्र माझा नाही. मराठी विश्वकोशात 'विरल मृत्तिका' असा प्रयोग आहे. मृत्तिकेचीच झीज होऊन 'माती' झाली, तेव्हा उत्तरार्धाची तक्रार तशीच राहते. पण पूर्वार्धाला दाद द्यायलाच हवी. लॅटिन 'रारुस'चा मूळ अर्थ सैल, पातळ, तुरळक. डोंगरमाथ्यावरची हवा विरळ असते, तीच ही छटा. आणि वस्तुस्थितीही तीच आहे. पृथ्वीच्या कवचात सेरियम जवळजवळ तांब्याइतके आहे, या कुळातले तुटपुंजे समजले जाणारे थुलियमही चांदीपेक्षा जास्त आहे. अडचण एवढीच, की एका जागी दाट सापडत नाही. विरळ आहे, दुर्मीळ नाही. वर्तमानपत्रांनी 'दुर्मीळ' पत्करले आणि हातात असलेला नेमका शब्द गमावला, असे माझे मत आहे.

'दुर्मीळ' शोभेल असा एक भिडू या मंडळींत आहे: डिस्प्रोसियम. 1886 मध्ये पॅरिसच्या ल्कोक द ब्वाबोद्राँला ते वेगळे काढताना इतका त्रास झाला, की त्याने 'हाती लागायला अवघड' या अर्थाचा ग्रीक शब्द नावाला घेतला. त्यातला 'डिस्' आणि आपला 'दुस्' किंवा 'दुर्' हे एकाच मुळाचे. म्हणजे डिस्प्रोसियमला 'दुष्प्राप्य' म्हटले, तर भाषांतर कमी आणि भाऊबंदकी जास्त. निओडिमियमच्या चुंबकात हे थोडे मिसळले की चुंबक तापले तरी ताकद सोडत नाही. चीनने अडवलेल्या सातांत ते आहेच.

आता हे धातू भारतात ज्यात दडलेले असतात, त्या वाळूकडे. समुद्रकाठच्या वाळूला कोकणात 'पुळण' म्हणतात; संस्कृत 'पुलिन'चा हा वारस. लाट पुळणीवर चढते, उतरताना हलके कण ओढून नेते आणि जड, काळे कण मागे ठेवते. समुद्र हे झारेकऱ्याचे काम करतो. सराफांच्या दुकानांतला केर विकत घेऊन, तो धुऊन सोन्याचे कण काढणारा तो झारेकरी. हा शब्द मला झरणे, झरा, बुंदीचा झारा यांच्या घरातला वाटतो. असे निवडले गेलेले साठे भूशास्त्रात 'प्लेसर'. मूळ स्पॅनिश, वाळूच्या दांड्यासाठीचा शब्द.

आमच्या वस्तीला ज्यांचे नाव आहे, ते धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. त्यांच्याच रत्नागिरी जिल्ह्यात काळबादेवी, नेवरे, मालगुंड इथल्या पुळणीत काळे कण भरपूर आहेत. पण ते मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट, म्हणजे टायटॅनियम आणि लोखंड. विरल धातू ज्यात दडतात ते मोनाझाइट ग्रॅनाइट आणि नाइस खडकांतून येते. आपल्या बेसॉल्टाच्या आणि जांभ्याच्या पोटी ते जवळजवळ नाही. ते केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशाच्या किनाऱ्यांवर. 1909 मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञाला ते सापडले, तेही त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत. ग्रीक भाषेत मोनाझाइटच्या नावाचा अर्थ 'एकटा राहणारा', आणि भारतात त्याचा साठा 1 कोटी 31 लाख टनांवर मोजला गेला आहे!

त्याच वाळूतला झिरकॉन बहुधा फारसी 'जरगून'वरून आला, सोनेरी रंगाचा. यातला 'जर' पैठणीच्या काठावर रोज दिसतो, आणि 'हिरण्य' त्याचे दूरचे नातलग.

ही वाळू सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीचे मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. 1950 साली 'इंडियन रेअर अर्थ्स' म्हणून स्थापन झालेली ही कंपनी आता नुसती 'आयआरईएल' झाली. तिने 'अर्थ' आद्याक्षरात मिटवली, तर आपण 'मृदा' सोडायला हरकत नसावी. बातमी हल्ली भस्माचीही नसते, धातूचीच असते. म्हणून सरळ 'विरल धातू' लिहावे. आणि रत्नागिरीकडच्या वाचकांना विनंती: पुळणीवरच्या त्या काळ्या पट्ट्याला तुमच्या गावात वेगळा शब्द असेल, तर तो जरूर कळवा.