'=' शेजारचा '&'

आजचा भाग एका चिन्हावर. या चिन्हानं माझी अख्खी रात्र खाल्ली होती, त्यामुळे थोडा राग ऐकू येईल.

सी भाषेच्या कोडमध्ये मध्येच थेट प्रोसेसरच्या सूचना लिहिता येतात. ती इनलाइन असेंब्ली. मी ७ आणि ५ ची बेरीज अशी लिहिली: पहिला आकडा आउटपुटच्या रजिस्टरमध्ये ठेव, मग त्यात दुसरा मिळव. उत्तर १२. दोन दिवसांनी भलतीचकडची एक ओळ बदलली, आणि उत्तर १४!

झालं असं, की आउटपुटला मी '=आर' लावलं होतं. म्हणजे, उत्तर कुठल्याही रजिस्टरमध्ये येऊ दे. आता गंमत बघा. जीसीसी कंपायलर आपली असेंब्ली वाचतच नाही. रजिस्टरांची नावं भरतो आणि मजकूर पुढे असेंब्लरकडे ढकलतो. तो धरून चालतो, की सगळे इनपुट वापरून झाल्यावरच आउटपुट लिहिलं जाईल. म्हणून त्यानं उत्तराला ५ चंच रजिस्टर दिलं. माझ्या पहिल्याच सूचनेनं ५ पुसला गेला, मग ७ मध्ये ७. आधी उत्तर ७ च्या रजिस्टरमध्ये जात होतं, म्हणून निभावलं होतं. उपाय एका अक्षराचा: '=&आर'. हे आउटपुट लवकर लिहिलं जाईल, कुठल्या इनपुटच्या जागी बसवू नकोस.

ही चिन्हं आली कुठून? रिचर्ड स्टॉलमननं १९८७ मध्ये जीसीसी आणला. प्रत्येक प्रोसेसरची माहिती देणाऱ्या जीसीसीच्या आतल्या फायलींत हीच '=', '&', 'आर' असतात. कंपायलर लिहिणाऱ्यांची ही घरातली बोली, तीच आपल्या हातात दिली. मला वाटतं, म्हणूनच ती इतकी तुसडी आहे.

२०१० च्या जीसीसी ४.५ मध्ये 'एएसएम गोटो' आलं: असेंब्लीतून थेट सीमधल्या लेबलवर उडी. पण त्याला आउटपुट चालत नसे, कारण उडी मारणाऱ्या सूचनेचं उत्तर सांभाळणं कंपायलरला आतून जमत नव्हतं. लिनक्स कर्नलवाल्यांना मात्र दोन्ही हवं होतं: जमलं तर किंमत दे, बिघडलं तर उडी मार. ते क्लँगमध्ये २०२० ला आलं, जीसीसीमध्ये २०२१ ला.

आणि मग फेब्रुवारी २०२४. नियम असा, की 'एएसएम गोटो' आपोआप 'व्होलाटाइल' धरायचं, म्हणजे कंपायलरनं ते परस्पर गाळायचं नाही. आउटपुट असलं की जीसीसी नेमकं हेच विसरत होता. लिनस टोरवाल्ड्सनं कर्नलमध्ये तो शब्द हातानं लिहायची सोय करून घेतली.