मीटर नक्की काय मोजतो?

संशोधन सुरू करताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठलं उपकरण घेऊ?" हा प्रश्न किती फसवा आहे, ते हॅम रेडिओच्या (म्हणजे हौशी रेडिओच्या) इतिहासात छान दिसतं.

दुसऱ्या महायुद्धाआधी अनेक हॅम अँटेनाच्या तारेत आरएफ अमीटर लावून प्रवाह जास्तीत जास्त करायचे. युद्धानंतर कोॲक्सियल केबल सर्रास वापरात आली आणि प्रश्न बदलला: पाठवलेल्या शक्तीपैकी परत किती येते? हे प्रमाण एसडब्ल्यूआरवरून कळतं. १:१ म्हणजे परत काहीच येत नाही. १९५६ मध्ये अमेरिकेच्या 'क्यूएसटी' मासिकात लुईस मॅकॉय यांनी 'मोनिमॅच' हे घरी बनवता येईल असं साधन दिलं. पुढे असे मीटर हॅमच्या टेबलावर नेहमीचे झाले.

इथेच गोची झाली. मीटर एसडब्ल्यूआर दाखवतो, म्हणून कमी एसडब्ल्यूआर म्हणजेच चांगला अँटेना, असं लोक धरून चालले. आता तुम्हीच विचार करा. ५० ओहमचा डमी लोडही १:१ दाखवतो, पण त्यातून सगळी शक्ती उष्णता होऊन जाते. केबल जाताना निम्मी शक्ती खात असेल, तर परतताना उरलेल्यातली निम्मी खाते. मग अँटेना पार तुटलेला असला, तरी रेडिओजवळचा मीटर ३:१ च्या आसपासच दाखवेल! वॉल्टर मॅक्सवेल यांनी १९७३ पासून 'क्यूएसटी'मध्ये लेखमाला लिहून असे समज खोडून काढले.

आज काही हजार रुपयांत नॅनोव्हीएनए मिळतो. तो इम्पीडन्सचे दोन्ही भाग दाखवतो, आणि केबलच्या टोकाशी कॅलिब्रेट केला तर केबलचा परिणामही वजा होतो. पण अँटेना कुठल्या दिशेला किती प्रसारण करतो, हे तोही एका पोर्टवरून सांगू शकत नाही.

म्हणून निवड अशी करा. प्रसारण चालू असताना लक्ष ठेवायचंय? एसडब्ल्यूआर मीटर पुरे. अँटेना जुळवायचाय? व्हीएनए घ्या. दोन अँटेनांची तुलना करायचीय? मग दूर उभं राहून, त्याच शक्तीवर, दोघांचा सिग्नल मोजा.

तुमचा विषय कुठलाही असो, उपकरणांची यादी करण्याआधी एक वाक्य लिहून काढा: "मला नक्की काय जाणून घ्यायचंय?" ते वाक्य जमेपर्यंत खरेदीचा अर्ज भरू नका.