नागपूरची गिरणी आणि नवी चाती

कारखान्यांत नवी कल्पना कशी उपजते व कशी टिकते, या प्रश्नाचें उत्तर बहुधा उपदेशाच्या रूपानें दिलें जातें. मालकानें धाडसी असावें, नोकरांस मोकळीक द्यावी, फसलेल्या प्रयोगास क्षमा करावी, असें सांगण्यांत येतें. हें सर्व खरें असेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास निराळेंच विचारावेसें वाटतें: एखादी सुधारणा एका ठिकाणीं रुजली आणि तिच्यासाठीं अधिक सज्ज दिसणाऱ्या दुसऱ्या ठिकाणीं रुजली नाहीं, असें कां व्हावें? नागपूरच्या एम्प्रेस मिलची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

जमशेटजी टाटा यांनीं १८६९ सालीं चिंचपोकळीची एक बुडीत तेलाची गिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली व थोड्याच काळांत ती नफ्यानें विकली. पुढें ते लँकशायरला जाऊन तेथील धंदा बारकाईनें पाहून आले. मुंबईंत गिरण्यांची गर्दी होत असतां त्यांनीं १८७४ सालीं १५ लाखांच्या भांडवलाची कंपनी काढली ती नागपुरासाठीं. वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस जवळ, आगगाडी दाराशीं, एवढा हिशेब सरळ होता. मात्र जागा मिळाली ती जुम्मा तलावाजवळची दलदलीची. ती भरून काढण्यांतच पैसा जाऊं लागला. हा गृहस्थ मातींत सोनें पुरतो आहे, असें म्हणून एका मारवाडी पेढीवाल्यानें कर्ज नाकारलें, आणि गिरणी भरभराटल्यावर, यानें माती घातली व सोनें काढलें, अशी कबुली दिली, अशी आख्यायिका आहे. व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यांत आलें त्याच दिवशीं, १ जानेवारी १८७७ रोजीं, गिरणी सुरू झाली. नांवही त्यावरूनच पडलें. आरंभीं तींत सुमारें ३०,००० चात्या व ४५० माग होते.

गिरणीचा कारभार ज्यांच्या हातीं दिला ते बेझनजी दादाभाई मेहता हे जी. आय. पी. रेल्वेच्या मालखात्यांतून आलेले. सुताचा त्यांस गंधही नव्हता. यंत्रांची बाजू पाहावयास लँकशायरचा जेम्स ब्रुक्सबी होता. धंदा न जाणणारा कारभारी नेमणें हें वरवर पाहतां अविचाराचें वाटतें. पण बेझनजींस माणसें व हिशेब सांभाळण्याची रेल्वेंतील शिस्त होती, आणि आपणांस यंत्रांतलें कळत नाहीं ही जाणीव असल्यामुळें जाणत्याच्या कामांत ते ढवळाढवळ करीत नसत, असें दिसतें. सर्वज्ञ व्यवस्थापकाच्या हाताखालीं ब्रुक्सबीला इतका वाव मिळाला असता कीं नाहीं, याची मला शंका आहे.

रिंग नांवाची नवी चाती ही मूळ अमेरिकेंतील जॉन थॉर्प याची १८२८ची कल्पना. म्यूल यंत्र सूत आधीं ओढून पिळतें, मग थांबून गुंडाळतें. त्याचा गाडा पुढें-मागें फिरत असतो व त्यास कसबी कामगार लागतो. रिंगवर पीळ देणें आणि गुंडाळणें एकाच वेळीं अखंड चालतें, आणि तें काम शिकावयास फार काळ लागत नाहीं. विलायतेंत या चातीविषयीं अविश्वास असतांना, १८८०नंतरच्या थोड्याच वर्षांत, नागपुरास प्रथम एक-दोन यंत्रें आणून प्रयोग झाला. उतारा चांगला आलेला पाहून मग ती चाती सर्रास बसविण्यांत आली. ओल्डहॅमच्या प्रसिद्ध प्लॅट कारखान्यानें अशीं यंत्रें करण्यास उत्सुकता दाखविली नाहीं, तेव्हां तें काम ब्रुक्स अँड डॉक्सी या दुसऱ्या कारखान्याकडे गेलें.

येथवरची कथा बहुतांशीं फ्रँक हॅरिस याच्या १९२५ सालीं निघालेल्या जमशेटजींच्या चरित्रांत सांपडते, आणि ती वाचतांना ‘दूरदृष्टीचा हिंदी मालक व झोंपलेलें लँकशायर’ असें चित्र मनांत उभें राहतें. तें मला पुरेसें वाटत नाहीं. लँकशायरच्या बहुसंख्य चात्या १९१३ सालींही म्यूलच्याच होत्या, व त्यास आळसाखेरीज कारणें होतीं. रिंगवर सुताला ताण अधिक बसतो. जाडें सूत तो सोसतें, बारीक सूत तुटतें. लँकशायरचा बारीक सुताचा धंदा मोठा, नागपूरचें सूत जाडें. शिवाय रिंगचें सूत लांकडी बॉबिनीवर चढतें. ज्याच्या सुताच्या व कापडाच्या गिरण्या वेगळ्या गांवीं, त्यास त्या बॉबिनीचें वजन वाहून न्यावें व परत आणावें लागतें. नागपुरास चात्या व माग एकाच आवारांत होते. आणि तिकडे म्यूलवाल्या कसबी कामगारांची जुनी, संघटित जात होती. तिचे दर व तिचा मान म्यूलशीं बांधलेले होते. नागपुरास मोडावयास अशी परंपराच नव्हती. सारांश, धाडसाला जागाही अनुकूल मिळाली. तथापि प्रयोगाचें श्रेय याने कमी होत नाहीं, कारण अनुकूलता मुंबईच्या कित्येक गिरण्यांसही होती.

मजुरांचा प्रश्न मात्र यंत्रानें सुटणारा नव्हता. घरीं चार दिवसांचें धान्य असलें कीं माणूस गिरणींत येत नसे. गैरहजेरी मुंबईच्या मानानें फारच होती. यावर दंडाचा मार्ग सोपा होता. बेझनजींनीं बक्षिसांचा काढला: नियमित हजेरीसाठीं घड्याळें, सोन्याच्या सांखळ्या, कापड, आणि तें वांटण्यासाठीं समारंभ. १८८६ सालीं पेन्शन फंड, १८९५ सालीं अपघाताची भरपाई, अशा सोयी होत गेल्या. पदवीधर तरुणांस उमेदवार म्हणून घेऊन खात्याखात्यांतून फिरविण्याची प्रथाही पडली. याला कोणी परोपकार म्हणतील. हजेरी विकत घेण्याची ही एक रीतही होती, आणि त्या काळच्या गिरणींतील कामाचे तास आजच्या वाचकास असह्य वाटतील एवढे लांब होते. पण अनुभवी माणूस टिकल्यावांचून नव्या यंत्राचा उपयोग नाहीं, हें येथें ओळखलेलें दिसतें.

तें किती खरें होतें हें लौकरच दुसरीकडे कळलें. १८८६ सालीं जमशेटजींनीं कुर्ल्याची डबघाईस आलेली धरमसी मिल स्वस्तांत घेतली व तिला स्वदेशी मिल हें नांव दिलें. मालक तोच, पदरीं नागपूरचा अनुभव, आणि तरीही गिरणी वर येईना. यंत्रें जुनीं व कुचकामी निघालीं, शेअरचा भाव घसरला, आणि आपली पत राखण्यासाठीं जमशेटजींस स्वतःच्या मालमत्तेस हात घालावा लागला. अखेर नागपुराहून बेझनजींच्या हाताखालीं तयार झालेलीं माणसें कुर्ल्यास आणण्यांत आलीं, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनीं त्या गिरणीचें सूत बाजारांत नांव मिळवूं लागलें.